बिनखिडकीची भिंत

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी आम्हाला पहिलं तत्त्व शिकवलं ते असं, की घर माणसाच्या मापानं बांधायचं असतं. हे ऐकायला मला जवाहरनगरहून नागपूरला जावं लागलं, कारण आमच्याकडे कारभार उलटा होता. जवाहरनगर म्हणजे भंडाऱ्याजवळची फॅक्टरीची वसाहत. तिथं क्वार्टर आधी बांधून तयार असायचं आणि मग त्या टाइपात बसणारा माणूस बघून त्याला ते मिळायचं. माझे बाबा टाइप टूमध्ये बसायचे. त्यांच्यामागोमाग आई आणि मीही बसायचो, थोडं आखडून.

बाबा फॅक्टरीत नेमकं काय करायचे हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची मनाई होती, आणि बाबांना मनाई आवडायची. पुष्कळ वर्षांनी एवढं कळलं, की ते तपासणीच्या कामावर होते आणि एक वस्तू हुबेहूब दुसरीसारखी झाली आहे की नाही हे बघायचे. सारखी असेल तर पुढे, नसेल तर बाजूला. घरीही त्यांची नजर तशीच होती. वसाहतीतल्या बाकीच्या पोरींपेक्षा मी वेगळं काही केलं, की ते मला बाजूला घ्यायचे. मुलीनं आर्किटेक्चरला जाणं हे वसाहतीत कुणीच केलेलं नव्हतं, त्यामुळे त्या वेळी बाजूला घेणं बरेच दिवस चाललं. शेवटी आई म्हणाली, जाऊ द्या, आणि मी गेले.

टाइप टूची क्वार्टरं जोडीनं बांधलेली होती. एका स्लॅबखाली दोन बिऱ्हाडं, मधे एकच भिंत. दोन्हीकडची स्वयंपाकघरं या मधल्या भिंतीला पाठ लावून होती, म्हणजे नळाचा पाइप एकातच भागावा. त्यामुळे आमच्याकडे आत शिरलं की स्वयंपाकघर डाव्या हाताला यायचं आणि शेजारी शिरलं की उजव्या हाताला. बाकी खोल्या तेवढ्याच, दारं तेवढीच, खिडक्याही तेवढ्याच. मधल्या भिंतीला अर्थातच खिडकी नव्हती. पलीकडे लोक राहत होते.

हे लोक कानपूरकडचे. त्या बाईंना आई 'दिदी' म्हणायची आणि त्या आईला 'दिदी' म्हणायच्या. दोघींत मोठी कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. त्या कोणत्या जातीच्या हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आपण बौद्ध हे आईनं सांगितलं, आणि मग दोघींनी चहा घेतला. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आईची हिंदी म्हणजे आमचीच बोली, शेवटी 'है' लावलेली. तरी सकाळी भांडी वाजायला लागली की दोघींचं भिंतीतून बोलणं सुरू व्हायचं, ते पुरुषमंडळींच्या सुटीच्या भोंग्यापर्यंत. दिदींना विषमज्वर झाला तेव्हा त्यांची चूल महिनाभर आईनं सांभाळली. एरवी तिथं आईची जागा ठरलेली होती: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, पाटावर, दाराच्या चौकटीला टेकून. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरची भिंत बोलते. पुढे हॉस्टेलात गेले तेव्हा तिथल्या भिंतींनी माझी निराशा केली.

कॉलेजात एक जाड पुस्तक होतं. त्यात एक प्रमाण माणूस काढलेला होता. उभा, बसलेला, वाकलेला, हात वर केलेला. ओट्याची उंची, फळीची उंची, पायरीची उंची, सगळं याच्या अंगावरून ठरवायचं. हा बाप्या आमचं क्वार्टर बांधताना नक्की येऊन गेला असणार, कारण स्वयंपाकघरातली फळी त्याच्या हाताला बरोबर लागली असती. आई त्याच्या कोपराला आली असती. ती पाटावर चढून डबे काढायची. कोणता डबा कुठं आहे हे तिला बघावं लागत नसे, हात आपोआप त्यावर जायचा.

न बघता काढणं ही आधी नुसती सवय होती. मग गरज झाली. आईला काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकते ते बघू. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग हळूहळू समोरचंही धुकट होत गेलं. मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढंच नीट कळायचं. पण क्वार्टरमध्ये ती पूर्वी चालायची तशीच चालायची. दारातून आत, डावीकडे वळून स्वयंपाकघर, आणि माचिस, मीठ, पत्ती, सगळ्यावर हात अचूक पडायचा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, काय नीटनेटकी बाई आहे! त्या नीटनेटकेपणाच्या आड ती आंधळी होत चालली होती, आणि हे आम्हा तिघांना आणि भिंतीपलीकडे दिदींना, एवढ्यांनाच माहीत होतं.

मग दिदींचे यजमान रिटायर झाले. सामानाचा ट्रक आला. दोघींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्र पाठवीन असं खोटं कुणी कुणाला बोललं नाही. ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला होता. दिदींनी आईच्या हातात अर्धी बरणी लोणचं दिलं आणि त्या गेल्या. त्यांच्या क्वार्टरला कुलूप लागलं. आई त्या दिवसापासून गल्लीत जाईनाशी झाली, कारण तिला हात न लावता बरोबर चालणारं माणूस उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बाबांचा नंबर होता. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. बाबांनी साकोलीच्या कडेला प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यांचं गाव तिथून जवळ, काका गावी शेती बघायचे, आणि हायवेमुळे एसटी दारात. प्लॉटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्याची बांधी होती, म्हणजे धानाचं खाचर, आणि तिच्या पलीकडे एक लहानसं तळं. जागा सुरेख होती. पण आईला एकच भीती होती आणि ती तिनं एकदाच, भाजी निवडता निवडता, मला बोलून दाखवली.

"नव्या घरात मले कोणी हात धरून फिरवलं," ती म्हणाली, "तं मी संपली समज."

मी कामाला लागले. मला वाटलं, अडचण डिझाइनची आहे आणि डिझाइन तर मी शिकूनच राहिले आहे. मी चार नकाशे काढले. त्यात सगळी तत्त्वं होती. खोल्यांचं प्रमाण होतं, समतोल होता, मधे उजेडासाठी चौक होता, घरात फिरायला सरळ वाट होती. एकात बैठकीची खोली दोन पायऱ्या खाली होती, कारण आमच्या सरांच्या मते जमिनीची पातळी बदलली की जागेला अर्थ येतो. बाबांनी चारही नकाशे एकापुढे एक ठेवले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं. मग विचारलं, की यातला एक तरी दुसऱ्यासारखा काहून नाही.

दोन पायऱ्यांवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, आई इथं पडली तर जागेला कोणता अर्थ येईल. मग त्यांनी त्यांचा बेत सांगितला. नवं घर म्हणजे क्वार्टरच. हुबेहूब. तेवढ्याच खोल्या, तेवढ्याच अंतरावर दारं, तोच ओटा, तीच फळी. आई ज्या घरात डोळे नसताना चालू शकते असं जगात एकच घर आहे, तर तेच घर साकोलीला पुन्हा बांधायचं.

मला फार राग आला. मुद्दा चुकीचा असता तर इतका आला नसता. चार वर्षं फी भरून मी जे शिकत होते, ते यांनी न शिकता एका वाक्यात उडवून लावलं होतं, आणि वरून सरकारी नकाशा माझ्या नकाशांपेक्षा चांगला ठरवला होता. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवले आणि वाटाघाटीला बसले. एक खिडकी तरी द्या, म्हटलं. क्वार्टरची मधली भिंत बंद आहे कारण तिच्या पलीकडे दुसरं बिऱ्हाड आहे. साकोलीला पलीकडे बिऱ्हाड नाही, उघडी बांधी आहे, तिकडून वारा येईल, स्वयंपाकघरात उजेड येईल. बाबांनी विचारलं, क्वार्टरमध्ये त्या भिंतीला खिडकी आहे का? नाही, म्हटलं. मग साकोलीलाही नाही.

त्याच सुमारास साकोलीचा एक सिमेंटवाला बाबांना सांगत होता, की घराचं तोंड अमुक दिशेला हवं, चूल अमुक कोपऱ्यात हवी. बाबांनी त्याला नम्रपणे सांगितलं, की हे सारं आमच्या घरच्यांनी छप्पन सालीच सोडलं. मग परतीच्या एसटीत माझ्याकडे वळून म्हणाले, "एक शास्त्र सोडलं. आता तुझं दुसरं कायले धरू?" मी लाखनीचा स्टँड येईपर्यंत उत्तर शोधलं. मग खिडकीबाहेर बघत बसले.

साकोलीचा मिस्त्री क्वार्टर बघायला आला तेव्हा माझी परीक्षा होती, म्हणून पुढचं मला नंतर कळलं. तो आला त्या दिवशी आमच्या घरात आईनं सांडगे घातले होते. बाहेर आभाळ आलेलं, म्हणून सगळ्या घरभर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर ओळीनं सांडगे. तिला न दिसता घातलेल्या त्या ओळी तुडवून टेप कुठून कुठं धरायचा? शिवाय खाटा, ट्रंका, सायकल, शिलाई मशीन. बाबांना कल्पना सुचली. शेजारचं क्वार्टर रिकामंच होतं. त्यांनी चौकीदाराकडून किल्ली आणली आणि मिस्त्रीला म्हणाले, इथं मोकळं आहे, बिनधास्त मोज, क्वार्टर सारे सारखेच. मिस्त्रीनं दोरी लावून, टेप लावून, फळीच्या खिळ्यापर्यंत सगळं मोजून नेलं. बाबांनी प्रत्येक माप दोनदा तपासलं. त्यात एक बोटभरही चूक नव्हती.

मी साकोलीला गेले तेव्हा स्लॅब ओतून झाला होता आणि खालचे टेकू निघाले होते. प्लास्टर बाकी होतं. बाबा आणि काका बाहेर विटांच्या ढिगावर बसून चहा घेत होते. मी मनातल्या मनात हार मानलेली होती आणि आता मोठ्या मनानं घर बघणार होते. दारातून शिरले, दोन खोल्या ओलांडल्या, डावीकडे वळले आणि भिंतीवर आदळले. नाकातून रक्त आलं. माझे डोळे ठणठणीत होते, जन्म त्या क्वार्टरमध्ये गेला होता, आणि अंगाला डावीकडे वळायची सवय होती. स्वयंपाकघर उजवीकडे होतं.

नाकाला पदर लावून मी बाहेर आले आणि सांगितलं, की घर उलटं झालं. बाबांना ते पटेना. ते आत गेले आणि मला मोजून दाखवू लागले. खोल्या आहेत नं? आहेत. दारं आहेत नं? आहेत. ओटा आहे, फळी आहे, न्हाणी आहे. मग उलटं काय? मी म्हटलं, बाबा, डोळे मिटा आणि क्वार्टरमध्ये असल्यासारखे स्वयंपाकघरात जा. त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात पुढे धरून चालायला लागले. डावीकडे वळले. हात भिंतीला लागले, तेव्हा ते थांबले आणि भिंत चाचपत राहिले. दार कुठंतरी असेल म्हणून ते कोपऱ्यापर्यंत चाचपत गेले. मी त्यांना डोळे उघडा म्हणायला हवं होतं, पण मी खाली जमिनीकडे बघत राहिले. साऱ्या नोकरीभर सारखं-वेगळं करणाऱ्या माणसाला मी असं बघितलं नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं.

आम्हाला वर्गात शिकवलं होतं, की सममितीत अर्धा भाग कळला की दुसरा काढायला लागत नाही, कागदाची घडी घातली की तो आपोआप मिळतो. दोन्ही अर्धे सारखेच. हे कागदाच्या बाबतीत खरं आहे.

आता काय करायचं? घर पाडून पुन्हा बांधण्यात अर्थ नव्हता, क्वार्टर सोडायची मुदत जवळ येऊन राहिली होती. नुसती स्वयंपाकघराची भिंत हलवावी तर न्हाणीच्या सांडपाण्याचा पाट आडवा येत होता. काका म्हणाले, वहिनीले हळूहळू सवय होईल. बाबा म्हणाले, आता सांगू नका, तिथं गेल्यावर बघू. त्या दिवसापासून आम्ही उतरेपर्यंत बाबा आईशी जरा जास्तच गोड बोलत होते, आणि त्यामुळे तिला नक्की काहीतरी बिघडलं आहे हे कळलं असणार. ती काही विचारत नव्हती. मीही तिच्या नजरेसमोर जायचं टाळत होते, ती नजर नसतानासुद्धा.

आम्ही साकोलीला राहायला गेलो त्या दिवशी गावची माणसं आली होती. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो पुढच्या खोलीत लागला होता, वंदना झाली, खीर वाटली. आई तोवर छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, चटईवर बसून होती. माणसं पांगली तशी ती उठली. बाबा हात पुढे करायला गेले, तर तिनं तो नुसता बाजूला सारला. दाराच्या चौकटीला हात लावला आणि आत शिरली. मी मागे होते. ती डावीकडे वळली की काय होणार हे माझ्या नाकाला माहीत होतं.

ती दोन खोल्या सरळ गेली. डावा हात पुढे केला, भिंत लागली. तिथंच थांबली. तळहात भिंतीवर ठेवून उभी राहिली, ऐकत असल्यासारखी. बाबांनी बोलायला तोंड उघडलं होतं, म्हणजे चूक कबूल करणार होते, आणि ही गोष्ट मी त्याआधी कधी बघितलेली नव्हती. पण आईच आधी बोलली.

"अजी," ती म्हणाली, "हे तं दिदीचं घर होय."

आणि ती उजवीकडे वळली. सरळ, न चाचपता. उंबरा ओलांडून आत गेली, ओट्याच्या कडेवर हात फिरवला, वर फळी असेल तिथं हात नेला. फळी होती. दिदींकडे माचिस जिथं असायची तिथं हात गेला, तिथं अजून काही ठेवलेलं नव्हतं. तिनं मला माचिस आणायला सांगितली आणि नेमकी तिथं ठेवली. त्या संध्याकाळी चहा तिनंच केला. बाबांनी दोनदा मागितला.

घर जमलं. कसं जमलं याचं श्रेय कुणीही घेऊ शकत नव्हतं, तरी बाबा पुढेपुढे घ्यायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, की घर बांधताना आधी राहणाऱ्याच्या सवयी बघायच्या असतात. हे ऐकून मी पाणी प्यायला उठून जायची. आई मात्र खरंच कुणाचा हात न धरता सगळं करायची. भात, वरण, भाजी, झाडलोट. डबे तिनं दिदींच्या क्रमानं लावले होते, आमच्या नाही. मिठाचा डबा आमच्याकडे चुलीजवळ असायचा, इथं तो खिडकीशी, दिदींचा असायचा तसा. मला सुटीत मीठ सापडत नसे.

एक गोष्ट मला खटकायची. सैपाक झाला की ती ओट्याजवळ बसत नसे. उंबऱ्याशी पाट टाकून, चौकटीला टेकून बसायची. दिदींकडे बसायची तिथंच. आपल्याच घरात पाहुण्यासारखी. बाबांच्याही ते लक्षात आलं होतं. एकदा त्यांनी तिला आत ये, नीट बस, म्हटलं. ती म्हणाली, नीटच बसली आहे.

मला नागपूरला एका ऑफिसात ड्रॉइंगचं काम लागलं. आता मी पगारी तत्त्ववादी झाले होते. त्या उन्हाळ्यात घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात शिरल्यावर आधी काही दिसलंच नाही. धूर साचलेला, घामाच्या धारा, आणि सगळा उजेड एका लहानशा खिडकीतून. ओट्यामागची ती लांबलचक भिंत बंदच. तिच्या पलीकडे आभाळ, बांधी, तळं, सगळं फुकट पडलेलं. माझं डोकं सणकलं. ज्या बाईला उजेडाशिवाय काही उरलेलं नाही, तिच्या घरात उजेड बंद करून ठेवायचा? दिशा, वारा, उजेड ही काही हौसेची तत्त्वं नाहीत. मी बाबांना हे सगळं एका दमात ऐकवलं. जुना वादही त्यातच काढला. आता ती बाई घराला सरावली आहे, आता क्वार्टरचं नाव सांगू नका.

बाबांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, पाड खिडकी. मला इतका धक्का बसला की मी आणखी थोडं भांडले.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. तोच, घर बांधणारा. मी त्याला माप सांगितलं, त्यानं भिंतीवर खडूनं चौकट काढली. चांगली मोठी काढली, बसल्या जागी वारा लागेल इतकी खाली आणि रुंद. छन्नी पिशवीतून काढताना ती खणखणली. तो आवाज ऐकून आई उंबऱ्यावरून उठली, आत आली, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चौकटीच्या बरोबर मधे. तिला खडू दिसत नव्हता.

मी तिला समजावलं. आई, खिडकी होते आहे. धूर जाईल. उजेड येईल, तुला उजेड अजून कळतो. वारा येईल.

"तिकडं काय हाये?" तिनं विचारलं.

बांधी आहे, मी सांगितलं. धान कापून झालेलं आहे, आता नुसती मोकळी बांधी. पलीकडे तळं.

"ते मले माहीत हाये," ती म्हणाली. "पण मी इथं बसली राहाते तेव्हा दिदीच्या घरी बसली राहाते. अन् दिदीच्या घरातून या भिंतीच्या तिकडं आपलं क्वार्टर हाये. तिकडं तू अभ्यास करून राहिली असते. तुझे बाबा ड्युटीवरून यायचे असते. मले वाटते, चहा झाला का उठावं अन् आपल्या घरी जावं." मग ती मिस्त्रीकडे तोंड करून, म्हणजे मिस्त्री असेल असं तिला वाटलं तिकडं तोंड करून, म्हणाली, "खिडकी पाडली का वारा येईल, भाऊ. मंग मले रोज कळंल, का तिकडं कोणीच नाही."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मला रडू आलं, आणि रडताना रागही येत होता, कारण उजेडाच्या बाबतीत मी बरोबरच होते. अजूनही आहे.

 बाबांनी मोरीतून फडकं ओलं करून आणलं आणि आईच्या एका बाजूची खडूची रेघ पुसली, मग दुसऱ्या बाजूची. ती मधे उभीच होती, ते काय करून राहिले हे तिला कळत नव्हतं. वरची रेघ मी पुसली.